आटवण्याआधी भांडं उलटं करून बघा

चांदीच्या भावाने किलोला लाखाची वेस ओलांडली आणि घरोघरच्या फडताळांतून जुन्या चांदीची गाठोडी बाहेर पडू लागली. नाशिकच्या सराफ बाजारात कुठल्याही पेढीवर अर्धा तास बसलात तरी दिसेल. कुणी आजीची अत्तरदाणी आणलेली असते, कुणी पोचे पडलेला गडू, कुणी रुमालात बांधून वाट्या, चमचे, पळ्या. काट्यावर वजन होतं, टंच काढला जातो, हिशेब सांगितला जातो आणि पैसे खात्यावर जमा होतात. पुढे तो सगळा ऐवज एका मुशीत जातो. तीन घरांच्या तीन पिढ्या त्यात एकत्र वितळतात आणि त्यांची एक लगड तयार होते.

विकू नका, असं मी कुणालाही सांगणार नाही. आपल्याकडे चांदी ही अडीनडीची ठेव म्हणूनच घेतली गेली. मुलीची फी, दवाखान्याचं बिल, विहिरीवरची मोटर यांसाठी ती उपयोगी पडली तर जिने ती जपून ठेवली त्या आजीलाही बरंच वाटेल. माझं मागणं लहान आहे. मुशीत जाण्याआधी प्रत्येक वस्तू एकदा हातात घ्या. उलटी करा, तळ बघा, फोटो काढा, चार ओळी लिहून ठेवा. आणि त्यातली एक वस्तू, सगळ्यांत लहान असली तरी चालेल, मागे ठेवा.

जोगलटेंभीची तीस किलो चांदी

सिन्नर तालुक्यात गोदावरी आणि दारणेच्या संगमाजवळ जोगलटेंभी हे गाव आहे. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून जास्त, सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. एकेक नाणं दोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सगळी मिळून चांदी तीस किलोच्या घरात. यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसरा छाप ठोकलेला होता, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा. हरलेल्या राजाचा पैसा जिंकलेल्याने आपली खूण मारून पुन्हा चालवला होता. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या शिलालेखात त्याची आई गौतमी बलश्री आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश संपवला असं अभिमानाने सांगते. आई मुलाबद्दल बोलते तेव्हा ऐकणारा थोडं वजा करून ऐकतो. पण जोगलटेंभीच्या नाण्यांनी त्या माऊलीचा शब्द खरा ठरवला.

गौतमीपुत्राला ती नाणी आटवून नवी पाडता आली असती. त्याने वरून छाप मारला, म्हणून खालचा चेहरा आणि वरची खूण दोन्ही आज वाचता येतात. १९०६ साली तो साठा थेट मुशीत गेला असता तर कुणाच्या तरी हाती तीस किलो चांदी लागली असती आणि ती कधीच खर्चून गेली असती. नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि संग्रहालय पुढे १९८० च्या दशकात याच जिल्ह्यात, अंजनेरीच्या पायथ्याशी उभं राहिलं, हे त्या दृष्टीने साजेसंच झालं.

तुमच्या घरात नहपान सापडणार नाही. पण तुमच्या पणजीच्या लग्नाचा शक, तिच्या माहेरचं गाव, ज्याचं नाव आता कुणालाही आठवत नाही अशा सोनाराचा हात, हे सापडू शकतं. आणि ते दुसऱ्या कुठल्याही घरात सापडणार नाही.

आपल्या घरात काय काय असतं

जुन्या मराठी घरातली चांदी तीन ठिकाणी असते. पहिलं ठिकाण देवघर. पळी-पंचपात्र, ताम्हन, निरांजनं, कुंकवाचे करंडे, घंटा आणि कुलदैवतांचे टाक. आचमनाच्या पळीचा दांडा बघा. काहींचं टोक नागाच्या फण्यासारखं वळवलेलं असतं, काहींवर नंदी बसवलेला असतो. दुसरं ठिकाण पाहुणचाराचं. अत्तरदाणी, गुलाबदाणी, पानाचा डबा, चुनाळं, तबक, चांदीचं ताट. तिसरं बाळाचं. वाळे, खुळखुळा, उष्टावणाची वाटी आणि चमचा, आणि तान्ह्या मुलाला दूध पाजायचं बोंडलं.

यातल्या निम्म्या वस्तू आता कुणी नव्याने घडवून घेत नाही. अत्तर लावणं गेलं, पानाचा डबा गेला, तंबाखूबरोबर चुनाळं गेलं हे बरंच झालं. बोंडल्याची जागा बाटलीने घेतली. म्हणून आज आटवलेलं बोंडलं उद्या दुकानातून विकत आणता येईलच असं नाही. लक्ष्मीचं नाणं मात्र उद्याही मिळेल आणि परवाही मिळेल. विकायचं ठरवताना हा पहिला निकष लावा: ही वस्तू पुन्हा बनणारी आहे का?

न बघता आटवण्याची नाशिकला तर जास्त लाज वाटायला हवी. हे भांड्यांचं गाव. इथली तांबट आळी, इथला भांडी बाजार, इथल्या चांदीच्या भांड्यांचं नाव महाराष्ट्रभर आहे. रामकुंडावर येणारा यात्रेकरू गंगाजलाची गडवी घेऊन जातो, लग्नाचं चांदीचं सामान घ्यायला लोक बाहेरगावांहून इथे येतात. ज्या हातांनी हे घडवलं त्यांची नोंद कुठल्याही पुस्तकात फारशी नाही. ती भांड्यांच्या तळावर आहे, आणि तळ आपण बघत नाही.

अमेरिकेतल्या चमच्यांची गोष्ट

सतराव्या-अठराव्या शतकात अमेरिकेतल्या बॉस्टन, न्यूयॉर्क अशा गावांत बराच काळ बँका नव्हत्या. लोकांकडे चांदीचे परदेशी पैसे साठत. ते चोरीला गेले तर ओळखायचे कसे? म्हणून ते सोनाराकडे नेऊन आटवायचे आणि त्याचे चमचे, पेले करून घ्यायचे. चमच्याच्या दांड्यावर घरच्यांची अक्षरं कोरली जात: वर आडनावाचं, खाली नवऱ्याचं आणि बायकोचं. मागच्या बाजूला कारागीर आपल्या नावाचा ठसा मारी. लंडनमध्ये चांदी तपासून शिक्का मारणारी जुनी व्यवस्था होती, तशी तिथे नव्हती. बाल्टिमोरमध्ये १८१४ पासून काही वर्षं सरकारी तपासणी झाली, तो अपवाद. बाकी सगळीकडे कारागिराचं नाव हीच हमी.

आज ते चमचे लोक हौसेने गोळा करतात. कारण सोपं आहे. त्या काळची मोठी चहादाणी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर असते, चमचा परवडतो. एका चमच्यात कारागीर, गाव, काळ आणि एक जोडपं सापडतं. बॉस्टनचा पॉल रिव्हिअर हा अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातला नामवंत माणूस मुळात चांदीचा कारागीर होता. त्याच्या ठशाचा चमचा चांदीच्या वजनाच्या कितीतरी पट किमतीला जातो, आणि म्हणूनच त्याचे खोटे ठसेही निघाले.

पण त्या लोकांनाही हे शहाणपण फुकट आलेलं नाही. जानेवारी १९८० मध्ये चांदीचा भाव औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ गेला, तेव्हा तिथेही लोकांनी घरची जुनी चांदी पोत्याने विकली आणि ती वितळली. मार्च संपायच्या आत भाव अकरा डॉलरच्या खाली आला. गेलेले चमचे परत आले नाहीत.

आपलं आणि त्यांचं यात बरंच साम्य आहे. आपल्याकडेही बाई सोनाराकडे चांदीचे रुपये घेऊन जायची आणि त्याच रुपयांचे तोडे, वाट्या घडवून आणायची. वजनही रुपयानेच सांगत, इतके रुपये भार. आपणही भांड्यावर नाव घालतो. फरक इतकाच की त्यांनी ते नाव वाचायला सुरुवात केली आणि आपण अजून केलेली नाही.

तळ कसा वाचायचा

भांडं खिडकीपाशी न्या. जवळ भिंग असेल तर उत्तम, नसेल तर मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो मोठा करून बघा. तळ, काठाची आतली बाजू, दांड्याची मागची बाजू, झाकणाचं आतलं अंग, एवढ्या जागा सोडू नका.

नाव सापडलं तर ते कसं घातलंय ते पाहा. जुन्या भांड्यावरची नावं पुष्कळदा छिन्नीने टिंबाटिंबांनी ठोकलेली असतात, अलीकडची यंत्राने सलग कोरलेली. मोडी अक्षरं असतील तर घाईने चुकीचं वाचू नका. मोडी वाचणारी माणसं नाशिकमध्ये आहेत, महाराष्ट्रात मोडीचे वर्गही चालतात. फोटो दाखवा. वर्ष शकात असेल तर त्यात ७८ मिळवा: शके १८४२ म्हणजे साधारण इसवी सन १९२०. संवत असेल तर ५७ वजा करा. नाव माहेरचं आहे की सासरचं, “कडून” आहे की “यांस” आहे, हे नीट उतरवून घ्या. एका शब्दावरून भांडं आहेरात आलं की रुखवतात, हे कळतं.

शिक्का सापडला तर तो कारागिराचा आहे की दुकानाचा, हे पाहा. इंग्रजी अमदानीत काही कारागिरांनी आपला ठसा उमटवायला सुरुवात केली होती. कच्छचा उमरशी मावजी आपल्या नावाची दोन इंग्रजी आद्याक्षरं मारायचा. त्याची कामं आज जगभरच्या संग्रहांत आहेत. पण बहुतेक देशी चांदीवर कुठलाच शिक्का नसतो. शिक्का नाही म्हणजे वस्तू हलकी, असं समजू नका. तिथे काम बघा. पत्रा ठोकून घडवलंय की ओतीव आहे? घडीव भांड्याच्या आत हातोडीच्या खुणा बोटाला लागतात. उठावाची नक्षी असेल तर आतून तिचा खळगा दिसतो. डाख कुठे लावलाय, दुरुस्ती किती वेळा झालीय, कान नंतर बसवलाय का? दुरुस्ती हा कमीपणा मानू नका. ज्या घराने भांडं दोनदा दुरुस्त करून घेतलं, त्या घराला ते हवं होतं.

वाघ-सिंहासारखी आकृती आणि इंग्रजी अक्षरांचा छोटा संच दिसला तर ती विलायती चांदी असू शकते. “ई पी एन एस” अशी चार इंग्रजी अक्षरं दिसली तर ती चांदी नव्हे. निकेलच्या मिश्रधातूवर चांदीचं पाणी चढवलेलं आहे. तसंच जर्मन सिल्व्हरचं. त्यात तांबं, जस्त आणि निकेल असतं, चांदी नावालाही नसते. यावरून घरात वाद होतात, म्हणून आधीच माहीत असलेलं बरं.

शुद्धतेबद्दल शंका असेल तर कानस मारायला किंवा तुकडा कापायला देऊ नका. आता एक्सआरएफ यंत्रावर भांड्याला धक्का न लावता धातूचं प्रमाण कळतं. त्या यंत्राला मुख्यतः वरचा थर दिसतो, म्हणून दोन-तीन जागी, झिजलेल्या भागावरही तपासायला सांगा.

राणीछाप, राजाछाप

गाठोड्यात रुपये असतील तर ते वेगळे काढा. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, बरोबर एक तोळा, आणि त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी. १९४० पासून ती निम्म्यावर आली आणि १९४७ च्या रुपयात चांदी उरलीच नाही. म्हणजे एकाच थैलीतले सगळे रुपये एका भावाने तोलले जात असतील तर कुणीतरी फसतंय, तुम्ही किंवा सराफ.

वर्षं बघण्याचं दुसरंही कारण आहे. पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावर हत्ती होता, पण तो लोकांना डुकरासारखा दिसला. गदारोळ झाला, बरीचशी नाणी मागे घेऊन आटवली गेली आणि १९१२ पासून हत्ती नीट काढला गेला. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया तर फारच दुर्मिळ. म्हणूनच त्याच्या नकलाही बाजारात आहेत. नाणी लिंबाने, चिंचेने घासून चकचकीत करू नका. संग्राहकाला घासलेलं नाणं नको असतं.

घराची वही

आता मुख्य काम. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या नामावळीच्या वह्या असतात. दूरच्या गावचा माणूस येतो, आडनाव आणि गाव सांगतो, आणि त्याच्या पणजोबांची सही त्याच्यासमोर ठेवली जाते. ज्या गावात ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली, त्या गावाला वही ठेवायला शिकवायची गरज पडू नये. तशीच एक वही घरातल्या भांड्यांची करा. दोनशे पानी साधी वही पुरेल.

एका वस्तूला एक पान. वस्तूचं घरात चालणारं नाव. वजन ग्रॅममध्ये. लांबी-रुंदी. तळावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं, चूक असली तरी. कुणाकडून कुणाकडे आली. कुठल्या दुकानातून घेतल्याचं कुणाला आठवतं का. कधी वापरत असत. आणि शेवटी, हे सगळं कुणी सांगितलं आणि कोणत्या तारखेला. सांगणाऱ्याचं नाव महत्त्वाचं. कारण मावशी एक सांगते, आत्या दुसरं सांगते, आणि दोघी ठाम असतात. दोन्ही लिहा. निकाल द्यायची घाई नको.

घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर हे काम दिवाळीवर ढकलू नका. या रविवारीच भांडी त्यांच्यासमोर मांडा. पुष्कळदा माणसाला नाव आठवत नाही, पण भांडं हातात दिलं की आठवतं. नातवंडांना फोनवर आवाज टिपून घ्यायला सांगा. फोटो तीन हवेत: समोरून, तळाचा, आणि नाव किंवा शिक्का असेल त्याचा जवळून. शेजारी मोजपट्टी ठेवा. वहीच्या पानांचे फोटो काढून घरातल्या चारजणांकडे पाठवा. आपली गोदावरी दर काही वर्षांनी बाजारापर्यंत येऊन जाते, त्यामुळे कागद एकाच जागी ठेवण्याचा भरवसा नाशिककराने बाळगू नये.

हे झालं की विका. खुशाल विका. वस्तू गेली तरी तिची माहिती राहील.

काय ठेवावं, काय जाऊ द्यावं

सगळं ठेवायचा हट्ट धरलात तर शेवटी काहीच राहत नाही, कारण पुढची पिढी एका दिवसात सगळं निकालात काढते. म्हणून निवड करा. साधे यंत्रावर दाबलेले पेले, पातळ पत्र्याच्या वाट्या, दिवाळीत भेट आलेली नाणी, नक्षी नसलेले आणि नाव नसलेले डाग यांचा जीव पैशातच आहे. ते मोडीत घालायला हरकत नाही. नाव, शक, कारागिराची खूण, हातकाम किंवा घरातली आठवण यांपैकी दोन गोष्टी ज्या वस्तूत असतील ती ठेवा.

टाकांचा प्रश्न नाजूक आहे. झिजलेले टाक देऊन त्यांची चांदी नव्या टाकांत मिसळून घ्यायची रीत पुष्कळ घरांत आहे. त्यामागे श्रद्धा आहे आणि ती मोडायला मी सांगत नाही. पण जुन्या टाकावरचा खंडोबा ज्या ठशातून उठला तो ठसा आता कदाचित कुणाकडेच नसेल. फोटो काढून ठेवा, आणि नवा टाक करताना सोनाराला तो फोटो दाखवून तसाच करून मागा. देवही राहतो, आणि रूपही.

बदली करताना हिशेब डोळसपणे करा. जुनी वस्तू देऊन नवी घेतली की जुन्याची घडणावळ बुडते, नव्याची घडणावळ लागते आणि तीन टक्के जीएसटी वेगळा. चांदी तेवढीच, खिसा हलका. जुन्याचं “डिझाईन आऊट झालं” म्हणून बदली करत असाल तर थांबा. त्याच पैशात जुनं भांडं दुरुस्त होतं. विकायचंच असेल तर भरलेली राळ, लाकडी मूठ, काचेची आतली वाटी काढून निव्वळ वजन करायला सांगा, टंच आकड्यात मागा आणि पावती घ्या. नवी चांदी घेताना हॉलमार्कची घ्या. चांदीचं हॉलमार्किंग अजून ऐच्छिक आहे, पण सप्टेंबर २०२५ पासून त्यावर वस्तूचा स्वतंत्र ओळख क्रमांकही मिळू लागला आहे. तुमच्या नातवंडांना तळ वाचताना तो कामी येईल.

घासू नका

चांदी काळी पडते ती घाणीने नव्हे. हवेतल्या गंधकाशी तिचा संयोग होऊन वर सल्फाइडचा थर बसतो. अंडं, कांदा, रबर, लोकर यांच्या सहवासात तो लवकर बसतो. म्हणून चमच्यांच्या जुडीला रबरबँड लावू नका, लोकरीच्या शालीत गुंडाळू नका. मिठाने चांदी खाल्ली जाते, तेव्हा चांदीच्या वाटीत मीठ वाढून ठेवू नका.

रांगोळी, राख, टूथपेस्ट यांनी चांदी उजळते खरी, पण दर वेळी थोडी झिजते आणि सगळ्यांत आधी झिजतं ते नाव. रिठ्याचं कोमट पाणी, मऊ कापड, आणि लगेच कोरडं पुसणं, एवढं पुरतं. ॲल्युमिनियमच्या कागदावर सोड्याच्या गरम पाण्यात बुडवायची युक्ती फोनवर फिरते. ती काम करते, पण नक्षीच्या खळग्यातला जो काळेपणा काम उठून दिसावं म्हणून असतो तोही घालवते. सपाट चमच्याला चालेल, नक्षीच्या करंड्याला नको. ठेवायचं ते मलमलीत किंवा जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात. सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे वापरणं. रोज हातात येणाऱ्या चमच्याला काळं पडायला सवड मिळत नाही.

संग्रह करावासा वाटला तर

हे वाचून कुणाला हौस वाटली तर लहान सुरुवात करा. एकच वस्तू धरा, पळी किंवा चमचा. पळी लहान असते, जागा खात नाही, आणि तिच्या दांड्यात कारागिराला हात दाखवायला भरपूर वाव असतो. पुण्यातल्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास असंच अडकित्ते, दिवे, भांडी अशा रोजच्या वस्तू जमवायला सुरुवात केली. पुढे तो संग्रह वीस हजारांवर गेला आणि त्यांनी तो महाराष्ट्र सरकारला दिला. आपल्या लहानपणी गेलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी उभं केलेलं राजा केळकर संग्रहालय एकदा मुलांना नेऊन दाखवा. राजवाड्यांतल्या वस्तूंपेक्षा तिथल्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंपुढे जास्त वेळ जाईल.

घेताना काही पथ्यं पाळा. मुद्दाम काळवंडवलेला माल “अँटिक” म्हणून विकतात. झीज बघा. खऱ्या चमच्याचं टोक एका बाजूला झिजलेलं असतं, कारण वापरणारा हात एकच असतो. पावतीशिवाय घेऊ नका. देवघरातल्या वस्तू कुणी फारच स्वस्त देत असेल तर त्या कुठल्या तरी देवळातून उचललेल्या असू शकतात. तिथे हात आखडता घ्या.

कायदाही माहीत असू द्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या मुलीला पणजीची गुलाबदाणी द्यायची असेल तर ती पुरावस्तू नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्या, विमानतळावर वाद घालत बसू नका. शंभरी ओलांडलेल्या धातूच्या मूर्तींची नोंदणी करावी लागते. आणि वाड्याचा पाया खणताना चांदीचा हंडा सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. जोगलटेंभीचा इतिहास लिहिता आला तो साठा उजेडात आला म्हणून.

सराफ मंडळींना

शेवटचं मागणं सराफांकडे. तुमच्या पेढीवर महिन्याला कितीतरी जुन्या वस्तू मोडीत येतात. त्यातली एखादी तुम्ही स्वतःही क्षणभर बाजूला ठेवून निरखता, हे मला ठाऊक आहे. त्या क्षणात एक फोटो काढा आणि गिऱ्हाइकाला विचारा, “नाव आहे यावर, लिहून घेतलंत का?” काट्याशेजारी एक भिंग ठेवा. तुमच्या वाडवडिलांनी जे ठसे वापरले ते एका कागदावर उमटवून ठेवा आणि ज्या कारागिरांकडून काम करून घेता त्यांची नावं लिहा. पुढे कुणी नाशिकच्या चांदीचा इतिहास लिहायला बसला तर तो तुमच्या दारात येईल.

आणि वाचकहो, तुम्ही. २०२७ च्या सिंहस्थाच्या पर्वण्यांना या गावात देशभरची माणसं येतील, तुमच्या घरीही पाहुणे उतरतील. त्यांच्यासाठी कपाटातली चांदी बाहेर काढाल तेव्हा वही शेजारी ठेवा. ज्या आत्या-मावश्या एरवी भेटत नाहीत त्या तेव्हा एकत्र असतील, आणि प्रत्येकीला एखाद्या तरी भांड्याची हकिगत माहीत असेल. एका जेवणावळीत निम्मी वही भरून होईल.